नऊ शेंगा

ऑलिव्ह थर्टलने तिसऱ्यांदा शेंगा मोजल्या, आणि तिसऱ्यांदाही त्या नऊच भरल्या.

“नऊ,” ती काठीवर भार देत म्हणाली. “गावच्या भाजी-प्रदर्शनाला नऊच लागतात. मोजून दिल्यासारख्या आहेत मेल्या.”

वीस फुटांची घेवड्याची ओळ, दोन्ही बाजूंनी वेलांनी गच्च, लाल फुलांनी लगडलेली. आणि धरलेल्या शेंगा नऊ. जूनच्या मध्यापासून आभाळाने सफोकवर थेंब टाकला नव्हता. फुलं यायची, दोन दिवस मिरवायची आणि देठासकट गळून पडायची. हिरवळ कधीचीच करपून गेली होती. नळीने पाणी घालायला बंदी होती, आणि पेटलिंगहम गावात कुणाची बाग जरा जास्त टवटवीत दिसली की शेजारचे कुंपणावरून मान लांब करून बघत. लाल ठिपकेदार किडे एवढे माजले होते की दोरीवरचे कपडे घडी करण्याआधी झटकावे लागत.

तरीही या नऊ शेंगा धरल्या होत्या, आणि त्याचं श्रेय ऑलिव्हच्या मुलाचं, क्लिफर्डचं होतं. मार्चमध्ये बाप गेल्यापासून तो इप्सविचहून रोज संध्याकाळी कारखाना सुटल्यावर अठरा मैल गाडी हाकत यायचा. आईच्या आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, बटाटे धुतल्याचं पाणी, सगळं बादल्यांनी वाहून वेलांच्या मुळाशी घालायचा. उन्हं उतरली की फुलांवर पिचकारीने तुषार मारायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण एका फुलातून हिरवा धागा डोकावताना दिसला की सांगायला धावत घरात यायचा. आता पंधरा दिवसांची सुट्टी काढून तो बायकोसह आईकडेच मुक्कामाला आला होता.

त्याची बायको ग्लेनिस मागे बादली घेऊन उभी होती. बावीस वर्षं ती या घरची सून होती. थर्टल मंडळी घेवड्यासमोर उभी असली की आपण मागे उभं राहायचं असतं, हे तिला पहिल्याच उन्हाळ्यात उमगलं होतं. तिचं माहेर वेल्समधलं, कापडाच्या दुकानावर वाढलेली. तिथे भाजी पिशवीतून यायची आणि त्या भाजीच्या घराण्याची चौकशी कुणी करत नसे.

“चौदा इंच,” क्लिफर्ड पट्टी धरून म्हणाला. “ही साडेचौदा. सरळसोट. बाबांच्याही एवढ्या नसायच्या, आई.”

“असायच्या,” ऑलिव्ह म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “पाऊस असला की असायच्या.”

यापेक्षा जास्त कौतुक त्या घरात कुणी कुणाचं करत नसे. क्लिफर्डचे कान लाल झाले. ग्लेनिसने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

कारण तिला जे माहीत होतं ते बाकी कुणालाच माहीत नव्हतं.

थर्टलांच्या घरी घेवड्याच्या बियांचा एक नियम होता. क्लिफर्डचा बाप, म्हातारा हर्बर्ट, दर नाताळात बियांचे दोन वाटे करायचा. अर्धं पेरायला पाकिटात, अर्धं डब्यात. पेरलेल्याला दगाफटका झाला तरी डब्यातलं शिल्लक. त्याच्या आजोबांनी कुठल्याशा मोठ्या बंगल्यावर माळीकाम करताना हे वाण धरलं होतं, आणि तेव्हापासून ते या एका कुंपणाच्या आतच होतं. डबा कोकोचा, जुना, बागेतल्या खोपट्याच्या वरच्या फळीवर.

तो डबा ग्लेनिसने रिकामा केला होता. हर्बर्टला मातीत ठेवून चारच दिवस झाले होते. तिने आपणहून खोपटं साफ करायला घेतलं. घरात सगळ्यांचे चेहरे बघत बसण्यापेक्षा ते बरं वाटलं. डबा उघडला तर प्रत्येक बीला बारीक गोल भोक, आणि एक किडा सावकाश काठावरून चालत बाहेर येतोय. तिने शिसारीने सगळं खताच्या ढिगावर ओतलं, डबा गरम पाण्याने धुतला, पुसून झाकण लावलं आणि परत होता तिथे ठेवला. त्या घरात डबे टाकत नसत.

मे महिन्यात क्लिफर्ड पाकिटातलं बी पेरत असताना सहज म्हणाला, “किडीने भोक पाडलं तरी बी मरत नाही. बाबा मुद्दाम तसलंच डब्यात ठेवायचे, अंकुर शाबूत असतो.” तेव्हा सांगायला हवं होतं. पण तिने विचार केला, वेल वाढतील, टोपलीभर शेंगा लागतील, त्यातल्या दहा-बारा वाळवल्या की झालं, कशाला तोंड उघडायचं. मग ऊन सुरू झालं आणि ती रोज संध्याकाळी नवऱ्याबरोबर गाडीतून येऊन शेंगा मोजू लागली. तिलाही गोडी लागली असं क्लिफर्डला वाटलं.

*

डॉरीन दुपारच्या बसने नॉरिचहून आली. क्लिफर्डची थोरली बहीण. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी येण्याचा तिचा शिरस्ता होता, आणि आल्या आल्या एखादं भांडण काढण्याचाही. या खेपेला तिने चहाचा पहिला घोट घेईपर्यंत तरी धीर धरला.

“प्रदर्शनातल्या ताटलीच्या चिठ्ठीवर नाव कुणाचं घालणार?” तिने विचारलं.

खिडकीचे पडदे ओढलेले होते. टेबलावर काकडीची सँडविचं होती आणि ती कडांना आत्ताच वाळायला लागली होती.

“माझं,” क्लिफर्ड म्हणाला. “मी वाढवल्यात.”

“वाण बाबांचं. जमीन बाबांची. काठ्यासुद्धा बाबांनी तोडलेल्या.”

“पाणी मी घातलं.”

“त्यांनी अकरा वेळा चषक आणला, क्लिफर्ड. बारावा त्यांच्या नावावर जायला नको? पहिल्याच वर्षी तुझं नाव मिरवायची एवढी घाई कसली?”

“मेलेली माणसं घेवडा लावत नाहीत, डॉरीन,” ऑलिव्ह शांतपणे म्हणाली आणि साखर घेतली. “नाव क्लिफर्डचं.”

डॉरीनने ओठ आवळले. एकटी पडली की ती नेहमी दुसऱ्या वाटेने आत शिरायची. “मग मला विचाराल तर शेंगा काढूच नका. या वर्षी नऊच धरल्यात. वेलावर वाळून बियाला राहू द्या, हिरव्या तोडल्या तर बी मिळत नाही. चषक पुढच्या वर्षीही असेल.”

“मलाही तसंच वाटतं,” ग्लेनिस म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. घेवड्याच्या बाबतीत तिला काही वाटतं हीच बातमी होती.

“तुला कधीपासून वाटायला लागलं?” क्लिफर्डने विचारलं.

“बी महत्त्वाचं. एवढ्या वर्षांचं वाण आहे. उगाच एका दिवसाच्या ताटलीसाठी…”

“उगाच?”

तो आवाज चढवून बोलला नाही. ग्लेनिसला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याला मे महिन्यापासून रोज रात्री पाय सोडून बसलेलं पाहिलं नव्हतं. तिने स्वतः त्याच्या खांद्याला मलम चोळलं होतं.

डॉरीन मात्र खूश झाली. बावीस वर्षांत भावजयीने तिची बाजू उचलून धरल्याचा हा पहिलाच प्रसंग. तिने सँडविचांची बशी आपणहून ग्लेनिसपुढे सरकवली. “बघ, बाहेरून आलेल्या बाईला कळतं, आणि तुला नाही.”

“सप्टेंबरात पाऊस पडला तर आणखी धरतील,” क्लिफर्ड म्हणाला.

“सप्टेंबरात धरलेली शेंग थंडीच्या आत वाळत नाही,” ऑलिव्ह म्हणाली. “कुजते. ते राहू दे. तुम्ही भांडताय कशासाठी तेच मला कळत नाही. अर्धं डब्यात आहे की.”

डॉरीन एकदम हसली.

“अगंबाई, खरंच. डबा विसरलेच मी.” ती खुर्चीत सैल बसली. “मग काढा शेंगा. चिठ्ठीवर नुसतं ‘थर्टल’ घाला, आधी नावाचं अक्षर नको. आणि चषक मिळाला तर सहा महिने माझ्याकडे.”

“तीन,” क्लिफर्ड म्हणाला.

“चार.”

“बरं, चार.”

झालं. दोन मिनिटांत भाऊ-बहीण एक झाले आणि ग्लेनिस एकटी उरली. ते दोघे आता ओल्या पंच्यात शेंगा कशा गुंडाळायच्या, रात्री दगडी फरशीवर ठेवायच्या की कोठीत, यावर बोलत होते. ऑलिव्ह सुनेकडे पाहत होती.

“तुला पटलं नाही,” ती म्हणाली.

“तसं नाही, आई.”

“मग कसं?”

“जुनं बी उगवलंच नाही तर?”

“हर्बर्टचं बी चार वर्षांनी उगवलंय.”

“गावात आणखी कुणाकडे असेल ना हे वाण? म्हणजे लागलंच तर?”

“कुणाकडे नाही,” ऑलिव्ह म्हणाली, आणि तिच्या आवाजात जुना अभिमान होता. “हर्बर्टने एक दाणासुद्धा कुंपणाबाहेर जाऊ दिला नाही. स्वतःच्या भावाला दिला नाही.”

ग्लेनिस कप गोळा करून मोरीशी गेली. नळ सोडायचा नाही म्हणून ती नुसतीच कपांकडे बघत उभी राहिली. गप्प बसलं तर काय होईल, हे तिने सरळ मांडून पाहिलं. उद्या क्लिफर्डला चषक मिळेल. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामासाठी टाळ्या वाजवेल. पुढच्या मे महिन्यात कुणीतरी डबा उघडेल. तेव्हा उंदरांनी खाल्लं म्हणता येईल. उंदरांवर कुणीही विश्वास ठेवतं. आणि वाण मात्र संपलेलं असेल. तेही त्याच्याच हाताने, त्याच्याच कात्रीने. हे त्याला कधी ना कधी कळलंच असतं. नसतं कळलं, तर तिला तरी ठाऊक राहणारच होतं.

*

सात वाजता उन्हाचा चटका जरा कमी झाला आणि सगळे ओळीपाशी जमले. क्लिफर्डने हात धुतले होते, कात्री उकळत्या पाण्यातून काढली होती. डॉरीन पंचा पसरून धरून उभी होती. ऑलिव्हसाठी त्यांनी बाहेर खुर्ची आणली होती.

क्लिफर्डने पहिली शेंग तळहातावर तोलली आणि कात्री देठाशी नेली.

“डबा रिकामा आहे,” ग्लेनिस म्हणाली.

कात्री थांबली.

“कुठला डबा?” डॉरीनने विचारलं, उगाचच.

“कोकोचा. मी ओतला. खताच्या ढिगावर.”

“केव्हा?” हे ऑलिव्हने विचारलं.

“अंत्यविधीनंतरच्या सोमवारी. बियांना भोकं पडली होती. किडा होता आत. मला वाटलं, सगळं वाया गेलंय.”

“भोक पडलेलं बी उगवतं,” क्लिफर्ड म्हणाला.

“आता माहीत आहे मला.”

“आता म्हणजे?”

“मे महिन्यापासून. पेरताना तूच सांगितलंस.”

त्याने मनातल्या मनात महिने मोजले. ओठ हललेले तिला दिसले. डॉरीन खोपट्याकडे गेली. तिने डबा खाली काढल्याचा, झाकण उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा डबा तिच्या हातात उलटा होता, आणि आतला पत्रा लख्ख होता.

“घासलाय वर,” ती म्हणाली. “चहाला माझ्या बाजूने बोललीस ती यासाठी होय? आणि मी बावळट, सँडविच सरकवतेय.”

“डॉरीन, तू जरा आत जा,” ऑलिव्ह म्हणाली.

“का म्हणून? माझ्याही बाबांचं होतं ते.”

“मग गप्प उभी राहा.”

क्लिफर्डने शेंग हातातून सोडली. ती वेलावर झुलली आणि स्थिरावली. “चार महिने,” तो बायकोला म्हणाला. “आणि रोज माझ्याबरोबर येऊन मोजत होतीस.”

“हो.”

“मला वाटलं…” त्याने वाक्य तसंच टाकलं. कात्री मिटली, खिशात घातली. “प्रदर्शनाच्या गूडरमना सांगून येतो, आमची ताटली नाही म्हणून.”

तो फाटकातून गेला. त्याने फाटक आपटलं नाही, कडी नीट लावली. ग्लेनिसला रडू आलं नाही, पण तिथून दिसेनासं व्हावं असं मात्र फार वाटलं.

ऑलिव्हने काठीने खुणा करत त्या नऊ शेंगा पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, “रविवारी निघणार होता ना तुम्ही?”

“हो.”

“क्लिफर्ड जाईल. तू राहा. शेंगा वेलावर वाळेपर्यंत. पाणी तू घालायचंस, सकाळ-संध्याकाळ.”

“किती दिवस लागतील?”

“सहा आठवडे. पक्ष्यांनी ठेवल्या तर.”

“बरं, आई.”

“आंघोळ मी एकदाच करते दिवसातून. दुसरी तू करायचीस. पाणी लागेल.”

*

शनिवारी प्रदर्शनाच्या तंबूत चालताना श्वास कोंडत होता. तुडवलेलं गवत, कांदे आणि घाम, सगळ्यांचा मिळून एक वास. आपली ताटली नसली तरी थर्टल मंडळी आली होती; आली नसती तर गाव जास्त बोललं असतं. क्लिफर्ड कालपासून बायकोशी एक शब्द बोलला नव्हता. सकाळी त्याने तिच्यासाठी चहा ओतला होता, पण तो सवयीने.

घेवड्याच्या टेबलावर तीनच ताटल्या होत्या. पहिलं बक्षीस पर्सी बॅलडनचं. हा त्यांच्या मागच्या गल्लीतला निवृत्त टपालवाला, अकरा वर्षं हर्बर्टच्या खालोखाल दुसरा येणारा. त्याच्या शेंगा जेमतेम अकरा इंच होत्या, आणि त्यातल्या दोन वाकड्या. तो स्वतःच त्यांच्याकडे जरा ओशाळून पाहत होता.

प्रदर्शनाचे चिटणीस मिस्टर गूडरम घाम पुसत आले. “क्लिफर्ड, काल घाईत नीट विचारलं नाही. उन्हाने मारलं का रे तुझं पीक?”

“पीक होतं,” क्लिफर्ड म्हणाला. “नऊ शेंगा. चौदा इंच. पण बियाला ठेवाव्या लागल्या. डब्यातलं राखीव बी माझ्या हातून वाया गेलं.”

आजूबाजूचे दोघे-चौघे वळले. बॅलडनने टोपी मागे सरकवली.

“तुझ्या हातून?” गूडरमनी मान हलवली. “हर्बर्टच्या हातून असं झालं नसतं.”

“नसतं झालं,” क्लिफर्ड म्हणाला, आणि खाली बघत राहिला.

ग्लेनिसला ते सहन झालं नाही. कालचं सगळं सहन झालं होतं. हे नाही झालं. “त्याने नाही, मिस्टर गूडरम, मी टाकलं,” ती म्हणाली, तंबूत सगळ्यांना जाईल एवढ्या आवाजात. “किडलं समजून खतात ओतलं. आणि चार महिने त्याला सांगितलं नाही. तो सांगतोय ते माझ्यासाठी.”

कांद्याच्या टेबलापाशी बोलणाऱ्या बायका थांबल्या. डॉरीनने डोळे मिटून घेतले.

“मी सांभाळून घेत होतो ना,” क्लिफर्ड तिला दबक्या आवाजात म्हणाला. कालपासूनचं पहिलंच वाक्य.

“ते कळलं मला.”

“मग?”

“तुझ्या वडिलांसमोर तू कमी पडलास असं त्यांनी म्हणावं, हे मला ऐकवत नाही.”

पर्सी बॅलडन खाकरला. “त्या वाणासाठी मी वीस वर्षं हर्बर्टच्या मागे होतो,” तो म्हणाला. “चार दाणे दे म्हणायचो. शेवटच्या आजारात भेटायला गेलो तेव्हाही मागितले. नाही म्हणाला.” तो टोमणा नव्हता, नुसतं सांगत होता. “दिले असते तर आज माझ्याकडे असते. मी आणून दिले असते तुम्हाला.”

ऑलिव्ह तंबूच्या खांबाशी खुर्चीवर बसली होती. तिने काठी दोन्ही हातांत धरली.

“मीही त्याला कधी म्हटलं नाही, की दे,” ती म्हणाली. “मला अभिमान वाटायचा. पन्नास वर्षं एकाच डब्यात ठेवलं आम्ही. मग एका सुनेने एका सोमवारी घर आवरलं, तर वाण बुडायची वेळ आली. सगळं तिच्याच माथी मारू नका.”

“आई,” डॉरीन म्हणाली.

“तू थांब.” ऑलिव्ह बॅलडनकडे वळली. “पर्सी, ऑक्टोबरात घरी ये. शेंगा वाळल्या असल्या तर पाच दाणे मिळतील. ही देईल, तिच्या हाताने.” तिने काठीने ग्लेनिसकडे खूण केली. “पाणीही तीच घालणार आहे.”

बॅलडनने टोपी काढली. त्याने ग्लेनिसपुढे हात केला आणि तिने तो हातात घेतला. क्लिफर्ड दोघांकडे बघत उभा होता. आजोबा, पणजोबा, सगळे त्याच्या मागे तंबूत येऊन उभे राहिल्यासारखा त्याचा चेहरा ओढलेला होता. ग्लेनिसने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

“पाच नको,” तो म्हणाला.

तिने हात सोडला.

“सहा दे,” क्लिफर्ड तिला म्हणाला. “एखादं उगवत नाही.”